भरलेलं पातं

लालबाग,
६ जुलै २०२५

प्रिय गुणामामा,

फोनवर तुला नीट ऐकू जात नाही आणि मी ओरडायला लागले की अख्ख्या मजल्याला आपल्या घरच्या गोष्टी कळतात. म्हणून आपलं पत्रच बरं. शिवाय काम असं आहे की तू सावकाश विचार करून सांगायला हवंस. सगळा जन्म गोदीच्या वर्कशॉपात बोटींच्या पंख्यांमध्ये घालवलास, तुला नाही विचारणार तर कुणाला?

आमच्या जीवरक्षक दलाची वॉटर स्कूटर बिघडली. गिरगाव चौपाटीला विसर्जनात मी चालवते ती, पिवळी. पावसाळ्याआधी शेवटची पाण्यात घातली तेव्हा इंजिन नुसतं केकाटत होतं आणि गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी जागच्या जागी. मी आणि गौतमने मागचा पंप उघडला. आतल्या इम्पेलरभोवती हारांचे दोरे, नायलॉनची सुतळी, काय काय गुंडाळलेलं! पात्यांच्या कडा तर उंदराने कुरतडल्यासारख्या. आई विचारत होती, इम्पेलर म्हणजे काय गो? म्हटलं, स्कूटरच्या पोटातला पंखा. खालून पाणी ओढतो, मागे फेकतो, त्या धक्क्यावर ती पळते. आई म्हणाली, म्हणजे पोट बिघडलंय, एवढंच ना!

गौतम तुला आठवत असेल. नायगावचा, गेल्या मे महिन्यात आमच्यासोबत मसुऱ्याला आला होता. मी चालवते, तो माझ्या मागे असतो आणि पाण्यात उतरून माणूस ओढून घेतो. डिसेंबरात त्याची फायर ब्रिगेडची मैदानी परीक्षा आहे. रोज सकाळी शिवाजी पार्कला पळतो, मग ड्युटीवर येतो. वेडा आहे.

आता नवा इम्पेलर कुठला घ्यायचा? आमचे सेक्रेटरी राजस सर म्हणतात जास्त स्पीडचा घ्या. त्यांना पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसमोर स्कूटर सुसाट पळवून दाखवायची आहे. मला वाटतं आपल्याला पळायचं नाही, ओढायचं आहे. पण माझं ऐकतंय कोण? तू लिहून दिलंस तर मी त्यांच्यासमोर ठेवीन.

तुझी,
आकांक्षा

*

मसुरे,
१७ जुलै २०२५

चि. आकांक्षा बाय,

आशीर्वाद. पत्र मिळालं. शेतात लावणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, त्यामुळे उत्तराला उशीर.

तू म्हणतेस तेच खरं. इम्पेलरच्या पात्याला पीळ असतो. पीळ जास्त असेल तर वेग जास्त, पण उभ्या जागेवरून निघताना इंजिनाची दमछाक होते. पीळ कमी असेल तर सुरुवातीलाच जोर मिळतो, मागे दोन माणसं लटकली तरी ओढते. शर्यत लावणाऱ्याने पहिला घ्यावा, जीव वाचवणाऱ्याने दुसरा. तुमच्या सेक्रेटरींना सांग, पाहुण्यांना पळताना बघायचं असेल तर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर न्या.

आणखी तीन गोष्टी मनात ठेव. इम्पेलर ज्या कड्याच्या आत फिरतो ते कडंही बदला. वाळूने त्यावर चरे पडले असतील तर नव्या पात्याचं पाणीही बाजूने निसटतं. दुसरं, स्टेनलेसचाच घ्या. तिसरं महत्त्वाचं. जुन्या पात्याच्या झिजलेल्या कडा वेल्डिंगने भरून, घासून, नव्यासारखं करून विकतात. डोळ्यांना कळत नाही इतकं साफ काम होतं. मी स्वतः असली कामं केली आहेत, पण मच्छीमारांच्या संथ बोटींसाठी. तुमच्या यंत्राचा फिरण्याचा वेग भयंकर. तिथे भरलेलं पातं कधी तुटेल याचा नेम नाही. आणि एक लक्षात घे, या स्कूटरला सुकाणू नसतं. मागून पाण्याचा धक्का आहे तोवर ती वळते. धक्का गेला की हँडल कितीही फिरव, ती सरळ जायची तिथेच जाणार. म्हणून भरलेलं पातं कुणी फुकट दिलं तरी बसवू नकोस.

बाहेर कुठे शोधत फिरू नका. आपल्या मयूरचं दुकान कॉटन ग्रीनला आहे, माझा मुलगा म्हणून नाही सांगत, पण घरचा माणूस आहे. त्याला मी सांगितलं आहे म्हणावं. तो अस्सल माल मागवून देईल.

शेवंतीला सांग, गुडघ्याला तेल लावत जा. जीवाक जप.

तुझा मामा,
गुणाजी परब

*

लालबाग,
५ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

तुझं रेसकोर्सचं वाक्य मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. सगळे हसले, राजस सर सोडून. पण मान्य झालं. ऑर्डर मयूरदादाला दिली.

तो आधी म्हणाला आठवड्यात येईल. मग म्हणाला माल बंदरात अडकलाय. मग राजस सर त्याच्या डोक्यावर बसले की पंधरा ऑगस्टला स्कूटर पाण्यात हवीच, नाहीतर ऑर्डर कॅन्सल. आणि काल अचानक मयूरदादा स्वतः इम्पेलर घेऊन चौपाटीवर हजर! कडंही आणलंय, ते नवंकोरं, पाकिटातलं. इम्पेलर मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

मामा, मला जरा शंका येतेय. मधल्या गोल भागावर कंपनीचा नंबर ठोकलेला असतो ना, तिथे नुसतं गुळगुळीत आहे. आणि दोन पात्यांच्या कडेलगत एक रेघ दिसते. रेघेच्या आत एक चकाकी, बाहेर दुसरी. मी दादाला विचारलं तर म्हणाला, "अगं, ती पॉलिशची रेघ. तुला काय माझ्यावर भरवसा नाय?" आता दादावर भरवसा नाही असं कसं म्हणू? लहानपणी मला पाठीवर घेऊन पोहायला त्यानेच शिकवलं.

गौतम म्हणाला, "तुझ्या मामाला विचार. ते हो म्हणाले तर मी डोळे मिटून मागे बसतो." म्हणून मी फोटो काढून गणेश टॉकीजजवळच्या स्टुडिओत मोठे प्रिंट करून घेतलेत. सोबत पाठवतेय. जवळून काढलेत, रेघ नीट दिसेल. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम मी दोरे काढलेल्या जुन्याच इम्पेलरवर कसाबसा निभावून नेईन. तू नाही म्हण, मी हा परत करते, मग राजस सर कितीही बोंबलू देत. तू हो म्हण, मी बसवते.

वाट बघते.

आकांक्षा

*

मसुरे,
१८ ऑगस्ट २०२५

चि. आकांक्षा,

आशीर्वाद. फोटो पाहिले. चालेल, बसवा.

फोटोत उजेड फसवतो. पॉलिशची रेघ असते कधीकधी. नंबरही काही मालावर नसतात हल्ली. उगाच शंका काढत बसू नये.

मयूर दोन दिवसांसाठी आला आहे, आज निघेल. मीच बोलावलं होतं, गणपतीआधी मूर्तीवर टांगायच्या माटवीची आणि रंगाची कामं असतात. धंद्याची फार ओढाताण आहे त्याची, वाळला आहे. त्याची धाकटी मनवा आता तुरुतुरु चालते.

इकडे पाऊस बरा आहे. नारळ पडलेत पुष्कळ, कुणी येणारं असेल तर पाठवतो. यंदाही तुला ड्युटी, म्हणजे तू काही गणपतीला येणार नाहीस. शेवंतीला तरी पाठव.

विसर्जनाच्या दिवशी फार आत जाऊ नकोस. किनाऱ्याजवळच राहा.

गुणाजी परब

*

लालबाग,
२१ सप्टेंबर २०२५

मामा,

आईने तुला फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही. ती रडत होती आणि तुला ऐकू येत नव्हतं. म्हणून मी सगळं लिहिते.

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. सकाळ झाली होती, ऊन वर आलेलं, मोठ्या मूर्ती अजून चालूच होत्या. एक मूर्ती लोखंडी तराफ्यावरून आत नेत होते. तराफ्यावरचा एक कार्यकर्ता घसरून पाण्यात पडला, तराफा आणि मच्छीमारांची बोट यांच्या मधोमध. मी स्कूटर आत घातली. गौतमने उडी मारली, त्याला काखेत धरून स्कूटरमागे बांधलेल्या तरंगत्या फळीवर ओढलं आणि ओरडला, "चल, काढ!"

मी जोर दिला. गाडी उसळली, आणि पोटातून खण्णकन आवाज आला. मग नुसता थरथराट. इंजिन केकाटतंय, मागे धक्का नाही. मी हँडल पूर्ण फिरवलं. वळेना. तू लिहिलं होतंस तसंच झालं मामा, सरळ जायची तिथेच गेली. लाटेने आम्हाला उचललं आणि तराफ्यावर नेऊन आपटलं. त्या माणसाचं डोकं आपटेल म्हणून गौतमने त्याला पलीकडे ढकललं आणि तराफा थोपवायला स्वतःचा पाय पुढे केला.

परळच्या हॉस्पिटलात त्यांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला. नाही जमलं. उजवा, गुडघ्याखालून कापला. ज्याला वाचवलं त्याला खरचटलंसुद्धा नाही. तो हॉस्पिटलकडे फिरकलेला नाही.

राजस सर म्हणतात, आकांक्षाने बेफाम चालवली. दलाने चौकशी समिती नेमली आहे, तोवर मला चौपाटीवर यायची बंदी. आई म्हणते, नशीब एकेकाचं.

मी पंप उघडला, मामा. एक पातं तुटलंय. बरोबर त्या रेघेवर. तुटलेल्या जागी आत दोन धातू वेगवेगळे दिसतात, कापलेल्या वडीचे थर दिसावेत तसे.

मी तुला एकच विचारते. तू जन्मभर हेच काम केलंस. मी पाठवलेल्या फोटोत तुला हे दिसलं नव्हतं का?

आकांक्षा

*

मसुरे,
१ ऑक्टोबर २०२५

चि. आकांक्षा,

तुझं पत्र वाचून दोन घास गिळवले नाहीत. गौतमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या विहिरीत कठड्यावरून उड्या मारत होता पोरगा. देवाने त्याला बळ द्यावं.

पण बाय, दर्यात काय होईल हे कुणाच्या हातात नसतं. विसर्जनाला पाण्यात बांबू असतात, तारा असतात, मखराचे खिळे असतात. एखादी वस्तू आत ओढली गेली तर नवंकोरं पातंही तुटतं. तुटल्यावर कडेला दोन रंग दिसतातच. तू त्यावरून काही ठरवू नकोस.

तू तरुण आहेस, एकटी आहेस, तुझं नाव आज वाईट झालं तरी उद्या परत चांगलं होईल. मयूरच्या मागे बायको आहे, दोन मुली आहेत. दुकानावर पोलीस आले तर बंदरातला एक माणूस त्याला काम देणार नाही. आणि एवढं करून गौतमचा गेलेला पाय परत येणार आहे का? तूच सांग.

तो तुटलेला इम्पेलर मयूरकडे देऊन टाक. तो येईल घ्यायला. त्याला काय बोलायचं ते बोल, चार शिव्या दे, पण घरात. शेवंतीचा मी एकच भाऊ आहे. तिच्या तोंडाकडे बघ.

तुझा मामा

*

लालबाग,
१४ ऑक्टोबर २०२५

मामा,

मी एक प्रश्न विचारला होता. दोन पानं लिहिलीस, पण त्याचं उत्तर त्यात नाही.

उत्तर मला मयूरदादाने दिलं. तो आला होता इम्पेलर न्यायला. आईने चहा केला. मी म्हटलं, इम्पेलर मिळणार नाही. आधी तो समजावत होता, मग पाया पडायला आला, मग चिडला.

"मी काय मुद्दाम केलं? माल सुटत नव्हता. तुमचा तो सेक्रेटरी रोज फोन करून शिव्या घालत होता. म्हटलं, तात्पुरता देऊ, गणपती झाले की अस्सल आणून बदलू, कुणाला कळणार पण नाय."

"मला कळलं होतं. म्हणून मी मामाला विचारलं."

"मग?" तो म्हणाला. "आबांना काय कळलं नाय वाटतं तुला? फोटो बघितला आणि मला गावाला बोलावून घेतलं. ही रेघ माझ्याच हातची, तुला मीच शिकवली, म्हणाले. थोबाडीत मारली माझ्या. ह्या वयात, बायकोसमोर. मी म्हटलं, आबा, आता माघार घेतली तर दलवाले बोंब मारतील, दुकान जाईल. ते रात्रभर ओटीवर बसून होते. सकाळी तुला पत्र लिहिलं आणि माझ्याकडेच दिलं पेटीत टाकायला."

आईच्या हातातला कप तसाच राहिला. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. बोलली. म्हणाली, "आकांक्षा, झालं ते झालं. आता भावाचं घर मोडू नको माझ्या." दादा गेल्यावर मी तिला विचारलं, पाय माझा गेला असता तर? ती म्हणाली, "तुझा गेला नाय ना?" आणि देवापुढे दिवा लावायला उठली. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका खोलीत राहतो, एवढंच.

मग मी गौतमकडे गेले. त्याला सगळं सांगितलं, तुझ्यासकट. मला वाटलं तो तुला शिव्या देईल, दादाला देईल. तो भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "मी तुझ्या मामाला ओळखत नव्हतो, आकांक्षा. एकदा जेवलो त्यांच्याकडे, बास. मी तुझ्या शब्दावर बसलो होतो मागे." त्याची आई मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही. मी तिच्या जागी असते तर आतही घेतलं नसतं.

मामा, तू पहिल्या पत्रात लिहिलंस की भरलेलं पातं कुणी फुकट दिलं तरी बसवू नकोस. ते माझ्यासाठी लिहिलंस. दुसरं मयूरदादासाठी लिहिलंस, आणि पाठवलंस मला. आणि वर, फार आत जाऊ नकोस, किनाऱ्याजवळ राहा! माझ्या जिवाची तुला काळजी होती, हे मला कळतं. तेच मला सहन होत नाही. काळजी होती, तरी लिहिलंस.

इम्पेलर मी चौकशी समितीला दिला आहे. दुकानाचं नाव दिलं. मी तुला विचारलं होतं आणि तू चालेल म्हणालास, हेही सांगितलं. तुला ठाऊक होतं, हे मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. तुला बोलावतील. ये, आणि खरं काय ते सांग. मी याहून जास्त काही मागत नाही.

यंदा भाऊबीजेला आई मसुऱ्याला येईल. मी येणार नाही.

आकांक्षा

*

मसुरे,
९ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षा,

हे पत्र तू वाचशील की नाही ठाऊक नाही. समितीचा निकाल तुला कळलाच असेल. तुला दलातून काढलं, हे मला शेवंतीकडून समजलं. इम्पेलर कशाने तुटला ते निश्चित सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं म्हणे. मयूरला पुढे कुणी बोलावलेलं नाही.

त्या दिवशी समितीसमोर काय झालं ते तुला बाहेरून दिसलं नसेल, म्हणून सांगतो.

मयूर मला दादरला उतरवून घ्यायला आला होता. गिरगावला जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. दलाच्या ऑफिसात, वरच्या खोलीत पाच-सहा माणसं. तुमचे राजस सर माझ्याशी फार अदबीने वागले, बसायला गादीची खुर्ची दिली. त्यांनाही प्रकरण मिटवायचं होतं, हे मला बघताक्षणी समजलं. मोठ्याने, कानाशी येऊन विचारलं, "परबकाका, तुम्ही फोटो पाहून संमती दिली होती?" मी म्हटलं, दिली होती. "फोटोत दोष दिसत होता?"

मी तोंड उघडलं तेव्हा खरंच ठरवलं नव्हतं काय बोलायचं. येताना सगळ्या वाटेवर तुझंच पत्र डोक्यात होतं. पण बाजूला मयूर बसला होता. त्याने काही खूण केली नाही, हात धरला नाही. नुसता खाली मान घालून बसला होता, लहानपणी शाळेतून तक्रार आली की बसायचा तसा.

मी म्हटलं, "फोटोवरून असलं काही कळत नाही. ज्याच्या हातात वस्तू असते त्याने पाहायचं असतं."

एवढंच बोललो. त्यात खोटं असं काही नाही. कुठल्याही कारागिराला विचार, हेच सांगेल. राजस सरांनी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की वस्तू तुझ्या हातात होती.

लक्षात आलं तेव्हा मी परत बोलू शकलो असतो. नाही बोललो. त्यांनी चहा मागवला, मी प्यायलो.

मग मयूरला कागदावर सही करायला थांबवलं आणि मी एकटाच खाली निघालो. तो जिना तुला ठाऊक आहे, काळोखी, उभा. कठडा धरून उतरत होतो. मधल्या वळणावर तू उभी होतीस. तुला आत बोलावलेलं नव्हतं, पण दार उघडंच होतं, म्हणजे तू सगळं ऐकलं होतंस. मी थांबलो. वाटलं, आता ही थुंकेल, शिवी देईल, निदान रडेल. मी वाटच बघत होतो म्हण ना. काही तरी बोललीस तर मलाही बोलता येईल, असं वाटत होतं.

तू पुढे झालीस. माझा दंड धरलास, घट्ट, पाण्यातून काढलेल्या माणसाचा धरतात तसा, आणि एकेक पायरी करत मला खाली रस्त्यापर्यंत आणलंस. टॅक्सी थांबवलीस. दार उघडून धरलंस. मी आत बसताना माझं डोकं आपटू नये म्हणून वर हात आडवा धरलास. आणि माझ्याकडे बघून म्हणालीस,

"सावकाश, काका. पाय आत घ्या."

बोलायला लागल्यापासून तू मला मामा म्हणत आलीस, आणि कधी तुम्ही-आम्ही केलं नाहीस. मी टॅक्सीच्या मागच्या काचेतून बघत राहिलो. तू वळून चर्नी रोडच्या बाजूला चालू लागली होतीस.

गुणाजी परब